समोर बघणारी जास्वंद, खाली बघणारी जास्वंद

झुंबर जास्वंदीची ओळख करून देताना लोक सहसा ‘हा जास्वंदीचाच एक प्रकार’ असं म्हणून मोकळे होतात. गुलाबी जास्वंद, पिवळी जास्वंद, डबल जास्वंद आणि त्याच रांगेत ही कातरलेल्या पाकळ्यांची. मला ही रांगच मान्य नाही. गुलाबी, पिवळी आणि डबल हे एकाच झाडाचे वाण आहेत. त्यांच्यातला फरक रंगाचा किंवा पाकळ्यांच्या संख्येचा. झुंबर जास्वंदीचं तसं नाही. तिचा देठ वेगळा, कळीवरचं हिरवं वेष्टन वेगळं, फांदी वाढायची तऱ्हा वेगळी, आणि ती जिथून आली ती भूमीही वेगळी. तिच्या पाकळ्यांची नक्षी इतकी देखणी आहे की नजर तिथेच अडकते आणि बाकीचं फूल बघायचं राहून जातं. त्या राहून गेलेल्या फुलाबद्दल मला लिहायचं आहे.

नेहमीची जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस आणि झुंबर जास्वंद म्हणजे हिबिस्कस स्किझोपेटॅलस. दोन्ही झुडपं कापूस आणि भेंडीच्या माल्व्हेसी कुळातली. हिबिस्कसमध्ये शेकडो प्रजाती आहेत. त्यातल्या लिलिबिस्कस नावाच्या एका छोट्या गटात या दोघी शेजारी शेजारी बसतात. म्हणजे नातं जवळचं आहे. शाळेत जास्वंदीचं फूल उभं चिरून ज्यांनी त्याचे भाग बघितले असतील त्यांना झुंबर जास्वंदीतही ते सगळे ओळखीचेच भाग सापडतील. पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांच्या तंतूंनी एकत्र होऊन बनलेली लांब नळी, त्या नळीच्या आतून वर जाणारा कुक्षीवृंत आणि टोकाला मखमली बोंडुकल्यांसारख्या पाच कुक्षी. परागकणही सारखेच, जाडसर आणि काटेरी. साध्या भिंगाखाली धरले तरी सुटे सुटे दिसतात. फांदी हाताने मोडायला जावं तर दोन्हीकडे तोच अनुभव येतो: लाकूड मोडतं, पण साल तुटत नाही, चिवट पट्टीसारखी सोलत खाली येते.

या सारखेपणामुळे शास्त्रज्ञांनीही पहिल्यांदा तिला वेगळं धरलं नव्हतं. झांझिबारमध्ये ब्रिटिश प्रतिनिधी असलेले जॉन कर्क यांच्यामुळे पूर्व आफ्रिकेतलं हे झाड इंग्लंडमधल्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आलं. 1879 मध्ये विल्यम थिसेल्टन-डायर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं ते जास्वंदीचा एक उपप्रकार म्हणूनच. लगेच पुढच्या वर्षी, 1880 मध्ये, क्यूचे संचालक जोसेफ हूकर यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. डायर हे हूकरांचे जावई. जावयाने उपप्रकार ठरवलेलं झाड सासऱ्यांनी वर्षभरात वेगळं काढलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. दोघांच्यात याबद्दल काय बोलणं झालं असेल कोण जाणे, पण हूकरांचा निर्णय टिकला. आजही शास्त्रीय नावाच्या शेवटी कंसात डायर आणि कंसाबाहेर हूकर असे दोघेही नांदतात. आपण मात्र बोलताना अजून 1879 मध्येच आहोत.

आता फुलाकडे येऊ. पाकळ्यांवर हात ठेवा, त्या झाका आणि फक्त देठ बघा.

साध्या जास्वंदीचा फुलाचा देठ साधारण 3 ते 7 सेंटिमीटर असतो, आणि फुलाचं वजन तोलून ते समोर किंवा तिरपं वर धरण्याइतका ताठ. झुंबर जास्वंदीचा देठ 8 ते 14 सेंटिमीटर, दोऱ्यासारखा बारीक, आणि तो फूल तोलायचा प्रयत्नच करत नाही. फूल सरळ खाली सोडून देतो. दोन्ही देठांवर एक सांधा असतो. बोट फिरवलं तर किंचित फुगवटा लागतो. जास्वंदीत हा सांधा वरच्या टोकाकडे, फुलाच्या जवळ असतो. झुंबर जास्वंदीत तो जवळपास देठाच्या मध्यावर असतो. फूल गळतं ते याच सांध्यावर सुटून. त्यामुळे जास्वंदीचं गळलेलं फूल उचललं तर त्याला देठाचा जेमतेम तुकडा असतो, आणि झुंबर जास्वंदीचं उचललं तर चांगली लांब दांडी हातात येते. झाडावर उरलेला अर्धा देठ मग तसाच टोचून राहतो आणि सुकून पडतो. झुडपात असे सुटे अर्धे देठ दिसले की फूल नसतानाही झाड ओळखता येतं.

देठाच्या टोकाला, फुलाच्या बुडाशी आणखी एक फरक आहे आणि तो मला सगळ्यांत पक्का वाटतो. जास्वंदीच्या फुलाखाली हिरव्या वेष्टनांचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात सहा-सात अरुंद पट्ट्या, प्रत्येक 8 ते 15 मिलिमीटर लांबीची. त्याच्या आत निदलपुंज, घंटेच्या आकाराचा, काठाला पाच नीट टोकं असलेला. सगळं रेखीव, मोजून कापल्यासारखं. झुंबर जास्वंदीत बाहेरच्या थराची जवळपास नाममात्र खूण उरली आहे. पाच चिमुकले दात, 1 ते 2 मिलिमीटरचे. माहीत नसेल तर नजरेतून निसटतात. आणि आतला निदलपुंज घंटेसारखा नाहीच. तो निमुळती नळी आहे, दीड सेंटिमीटरच्या आसपासची, आणि कळी फुगली की ती नळी पाच सारख्या भागांत न उलगडता वाटेल तशी फाटते, कधी एका बाजूने, कधी दोन ओठ केल्यासारखी. पाकळ्यांचं कातरकाम बघून तिला ‘नाजूक कलाकुसरीची’ म्हणणाऱ्यांनी हे फाटलेलं वेष्टन बघावं. तिथे कसलीही कलाकुसर नाही, आहे ती आतून येणाऱ्या फुलाची घाई.

आणि मग पाकळ्या. जास्वंदीच्या पाकळ्या एकमेकींवर चढून नरसाळं तयार करतात. 6 ते 10 सेंटिमीटर रुंदीचं, बुडाशी गडद झालेलं. झुंबर जास्वंदीची पाकळी 5 सेंटिमीटरच्या आसपास, आणि ती काठाशी नुसती झालरदार नाही, तर आत खोलवर, पुन्हा पुन्हा चिरलेली. शिवाय पूर्ण मागे वळलेली. लाल रंगाच्या कडेला आणि चिरांमध्ये गुलाबी-पांढरट छटा असते, त्यामुळे उन्हात फूल एका रंगाचं न दिसता चमचमतं. या वळलेल्या पाकळ्यांच्या खाली पुंकेसरांचा स्तंभ 9-10 सेंटिमीटर लोंबत असतो, म्हणजे पाकळीच्या जवळजवळ दुप्पट. साध्या जास्वंदीत तोच स्तंभ 4 ते 8 सेंटिमीटर, नरसाळ्यातून समोर डोकावणारा.

ही मापं मी हौसेने देत नाही. ती एकत्र ठेवली की फुलाचा विचार दिसायला लागतो. देठ लांब आणि लवचीक, म्हणून फूल खाली. फूल खाली म्हणून नरसाळ्याची गरज संपली. पाकळ्या वर-मागे निघून गेल्या आणि स्तंभ मोकळ्या हवेत सुटला. मध दोन्ही फुलांत पाकळ्यांच्या बुडाशीच असतो, पण एक फूल उलटं असल्यामुळे इथे बुड म्हणजे वर. परागकोश आणि कुक्षी मात्र खूप खाली. म्हणजे मधासाठी वर चोच नेणाऱ्या पक्ष्याच्या अंगाला स्तंभाने घासावं, अशी सगळी मांडणी आहे. लाल रंग, वास नाही आणि भरपूर मध, ही पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलांची नेहमीची लक्षणं दोन्हींत आहेत. शिंजिरांना साध्या जास्वंदीवर बघितलं तर ते बऱ्याचदा पाकळ्यांच्या मागच्या बाजूने, निदलपुंजाशेजारी चोच खुपसून मध पळवताना दिसतात; पुंकेसरांशी त्यांचा संबंधच येत नाही. झुंबर जास्वंदीवर तेच पक्षी देठाला किंवा शेजारच्या काडीला उलटे लटकून येतात, पंख फडफडवतात, आणि त्या धांदलीत खालचा स्तंभ हलल्याशिवाय राहत नाही. उलटं फूल म्हणजे नुसती शोभा नाही, हे तेव्हा पटतं.

पावसातही फरक कळतो. मोठ्या पाकळ्यांची जास्वंद सरीत भिजली की पाकळ्या जड होऊन एकमेकींना चिकटतात आणि फूल दिवस संपायच्या आधीच मिटल्यासारखं होतं. झुंबर जास्वंदीत पाणी साठायला जागाच नाही. थेंब स्तंभावरून ओघळून टोकाशी लोंबतात आणि पडतात. दोन्ही फुलांचं आयुष्य तसं थोडकंच. बहुतेक वेळा सकाळी उमलून संध्याकाळी मिटणार, दुसऱ्या दिवशी गळणार. जास्वंदीचे काही नवे वाण दोन-तीन दिवस टिकतात, पण ती माणसाने निवड करून आणलेली गोष्ट आहे.

आणि खरा फरक मला इथेच दिसतो. झुंबर जास्वंद रानातली आहे. केनिया, टांझानिया आणि मोझांबिकच्या किनारपट्टीकडच्या जंगलांत ती आपली आपण वाढते. माणसाने उचलून बागेत आणण्याआधीच तिचा देठ, तिचं फाटणारं वेष्टन, तिच्या चिरलेल्या पाकळ्या जशा आज आहेत तशाच होत्या. उलट साधी जास्वंद रानात कुठेच मिळालेली नाही. 1753 मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं तेव्हाही ती बागेतलीच होती, आणि त्यानंतर शोधूनही तिचं जंगली घर सापडलं नाही. अलीकडच्या संशोधनातून त्याचं कारण पुढे आलं आहे. ती मुळात दोन प्रजातींचा संकर आहे: वानुआतू बेटांवरची हिबिस्कस कूपरी आणि ताहितीकडची हिबिस्कस कौते. ही बेटं पॅसिफिकमध्ये एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर आहेत. वाऱ्याने किंवा पक्ष्यांनी ही भेट घडवणं अवघड. होड्यांतून रोपं, काड्या बरोबर नेणाऱ्या पॉलिनेशियन लोकांनी ती घडवली, युरोपीय जहाजं त्या समुद्रात पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

हे वाचल्यापासून माझी साध्या जास्वंदीकडे बघायची नजर बदलली. इतकं रोजचं, इतकं कुठेही दिसणारं झुडूप, आणि त्याला रानातलं स्वतःचं घर नाही. त्याचं घर म्हणजे अंगण, कुंपण, कुंडी. युरोपात 18व्या शतकाच्या पूर्वार्धात ती पोहोचली ती लाल डबल रूपात, म्हणजे त्याआधीच आशियात कुणीतरी, किंबहुना पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी, डबल फुलाचं झाड निवडून जपलं होतं. डबल जास्वंद उलगडून बघण्यासारखी असते. आतल्या जास्तीच्या पाकळ्या म्हणजे बहुतांशी पाकळीचं रूप घेतलेले पुंकेसर. एखाद्या आतल्या पाकळीच्या काठावर चुकार परागकोश चिकटलेला सापडतो. अशा फुलातून बी धरणं दुरापास्त. म्हणजे ते झाड टिकलं ते फक्त छाट कलमांवर, एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या काड्यांवर. आज कुंडीत असलेली एखादी जुनी लाल डबल जास्वंद ही त्या अर्थाने नवं झाड नाहीच. कित्येक पिढ्यांपूर्वी कुणाच्या तरी नजरेत भरलेल्या एका झाडाचाच तो वाढत राहिलेला भाग आहे. रंगांचंही तसंच. पांढरी, पिवळी, केशरी, जांभळट, मधे डोळा असलेली, ताटलीएवढी. प्रत्येकीमागे कुणाची तरी निवड आहे. माणसाला फुलाचा चेहरा बघायला आवडतो, म्हणून जास्वंद दर पिढीत थोडी आणखी रुंद, थोडी आणखी समोर तोंड केलेली होत गेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दोघींची तुलना करताना ‘कोणती सुंदर’ हा प्रश्न मला विचारावासाच वाटत नाही. एकीत माणसांची आवड साठलेली आहे, दुसरीत जंगलाची गरज. दोन्ही वाचता येतात, पण वेगवेगळ्या लिपीत.

बागेत या दोन गोष्टी फार लवकर समोर येतात. जास्वंद माणसाच्या सोबतीने वाढलेली असल्यामुळे माणसाचं बरंच सहन करते. कात्रीने चौकोनी कुंपण करा, खोडापर्यंत छाटा, एकखोडी झाड बनवा, ती नवी फूट काढते आणि त्या नव्या फुटीवर फुलते. तिला लखलखीत ऊन हवं. दिवसातले पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर पानं हिरवीगार आणि फुलं मोजकी. झुंबर जास्वंद उन्हात वाढते, पण निमसावलीतही खुशाल फुलते. आणि तिची छाटणी हा नाजूक मामला आहे. तिच्या फांद्या लांब, सडपातळ, कमान घेत खाली येणाऱ्या. फुलं त्या फांद्यांच्या शेंड्याकडे लोंबतात. कुंपणासारखी सपाट छाटली की कमानच जाते आणि उरतं ते विस्कटलेलं, आखूड काड्यांचं झुडूप, ज्यातून चार फुलं आडवी-तिडवी डोकावतात. मला असं छाटलेलं झाड बघितलं की वाईट वाटतं. तिच्या जुन्या, वाळलेल्या आणि आत गुंतलेल्या फांद्या बुडाशी काढाव्यात, बाकीच्यांना हात लावू नये. जागा द्यावी, दोन-तीन मीटर उंच होऊ द्यावं.

आणि जागा निवडताना उंचीचा विचार करावा. साध्या जास्वंदीचं फूल डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली छान दिसतं. झुंबर जास्वंद बैठ्या कुंडीत लावली तर आपल्याला दिसते फक्त वळलेल्या पाकळ्यांची पाठ. तिला भिंतीच्या कडेला, उताराच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांच्या माथ्यावर लावावं, म्हणजे माणूस खालून येतो आणि फूल वरून. याला मी हौस म्हणणार नाही. त्या फुलाची दिशाच तशी आहे.

बाकी काळजी दोघींची सारखीच. पाण्याचा निचरा हवा, थंडी फार सोसत नाही, गोठण तर नाहीच. कळ्या गळण्याची तक्रार दोन्हींत येते. माती एक दिवस कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की झाड आधी कळ्या टाकतं. पाणी नियमित असूनही कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर एखादी गळलेली कळी फोडून बघावी. आत फुलकिडे किंवा बारीक अळ्या सापडल्या तर सगळ्या पडलेल्या कळ्या गोळा करून नष्ट केल्याशिवाय ते चक्र थांबत नाही. पिठ्या ढेकूणही दोघींना आवडीने धरतो. जास्वंदीच्या बाहेरच्या हिरव्या पट्ट्यांमागे तो छान लपतो, म्हणून तिथे मुद्दाम बघावं. मुंग्यांची रांग झाडावर चढत असेल तर तो आधीच आलेला आहे.

सध्या रोपवाटिकांत एक गोष्ट वाढताना दिसते. पाकळ्यांना थोडी झालर, फूल थोडं झुकलेलं, आणि पाटी ‘झुंबर जास्वंद’. हे बहुधा संकर असतात. दोन्ही प्रजातींच्या संकराला 1900 मध्ये हिबिस्कस आर्चरी असं वेगळं नावही दिलं गेलं. त्यानंतर 20व्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर जास्वंदीच्या संकरांची लाटच आली आणि त्या मिश्रणात झुंबर जास्वंदीचं रक्त भरपूर मिसळलं. आजच्या कितीतरी बागेतल्या जास्वंदींच्या वंशावळीत ती कुठेतरी आहे. संकर वाईट असं मी म्हणत नाही, काही तर फार सुरेख आहेत. पण मूळ झुंबर जास्वंद हवी असेल तर पाकळ्यांवर विसंबू नये. कळी उलटी धरून बुड बघावं. बाहेरचे दात 1-2 मिलिमीटरचे आणि आत फाटणारी नळी असेल तर ती खरी. बाहेर स्पष्ट लांब पट्ट्या असतील, निदलपुंजाला नीट पाच टोकं असतील, तर तिच्यात जास्वंद मिसळलेली आहे, पाकळ्या कितीही चिरलेल्या असोत.

हा संकर घरच्या घरी करून बघता येतो, आणि दोन्ही झाडं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तो एकदा तरी करावा. आई म्हणून एकेरी जास्वंद घ्या. डबल चालणार नाही. तिच्या उद्या उमलणाऱ्या कळीला आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा. सकाळी फूल उमललं की झुंबर जास्वंदीचा पराग कोरड्या ब्रशने पाचही कुक्षींवर टेकवा, देठाला धागा बांधून ठेवा. बहुतेक वेळा फूल गळून जातं, बी धरत नाही. जास्वंदीच्या वाणांत गुणसूत्रांची संख्याच इतकी वेगवेगळी असते की कोणता जोड जमेल हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. एका वाणावर जमलं नाही तर दुसरा घ्यावा. जमलं तर पाकळ्या गळतात, निदलपुंज हिरवाच राहतो आणि त्यात बोंड फुगायला लागतं. साधारण दीड-दोन महिन्यांत ते तपकिरी होऊन तडकतं. बिया लगेच पेराव्यात. एका बोंडातली रोपंसुद्धा एकमेकांसारखी निघत नाहीत: कुणाची पाकळी अखंड आणि देठ लांब, कुणाची पाकळी चिरलेली आणि देठ ताठ. पहिली कळी धरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ती फुगायला लागली की पाकळ्या दिसायच्या आतच देठावरचा सांधा चाचपून बघा, कोणाच्या बाजूला गेला आहे ते.